वेणा घाट उतरते

१४ डिसेंबर १९९६
मार्था आणि मी कॉन्व्हेंटच्या पायरीवर एकाच पुस्तकात डोकं घालून बसायचो. डबा तिचा, लोणचं माझं. पुस्तकातल्या मुली बर्फातून घोडे पिटाळायच्या. आम्हाला फाटकावरचा पेरू घ्यायलाही सिस्टरची परवानगी लागे. पानावर लोणच्याचा डाग पडला की मार्था तो स्वतःच्या नावावर घ्यायची. आज उगाच आठवलं.

उगाच नाही. शेजारच्या अंजनाची अक्षदा, नऊ वर्षांची, रडत आली. शाळेची सहल नाणेघाटाला चाललीय, अंजना सोडत नाही. "पोरीच्या जातीनं एवढ्या लांब कशाला मरायला जायचं?"

मी जागच्या जागी जाहीर केलं: तुझ्यासाठी पुस्तक लिहिते. सातवाहनांच्या काळातली वेणा. बाप घाटात जकात घेतो. पोरगी एकटी घाट उतरते, समुद्र बघते. लग्नबिग्न काही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तक हातात.

३ मे १९९७
सुट्टी लागली. पहिलं प्रकरण जवळजवळ झालं. वेणा सकाळी उठते. उठणं फार सुंदर जमलंय. अक्षदाला वाचून दाखवलं. "बाई, ती घाट कधी उतरनार?" म्हटलं, आधी तोंड तरी धुऊ दे तिला. मुलांना धीर म्हणून नाही.

२१ नोव्हेंबर १९९९
घाई करणाऱ्यांची पुस्तकं टिकत नाहीत. वेणा घाटमाथ्यावर पोचली. अंजनाचा सल्ला: "बाई, तिचं लगीन लावून टाका, म्हंजी गोष्ट सपंल." साफ नकार दिला. ती गेल्यावर आणखी चांगला नकार सुचला.

६ ऑगस्ट २००१
उसात बिबट्या. घाट डोळ्यांनी बघितल्याशिवाय उतरण लिहायची नाही, हे माझं तत्त्व. तत्त्व पक्कं आहे, फक्त बिबट्या जाईपर्यंत घरात आहे. अक्षदा दूध घालायला येते. नववीत गेली. वेणाचं विचारत नाही हल्ली. समजूतदार झाली.

२ मार्च २००६
अक्षदाचं जमलं. मुलगा कल्याणचा. लग्न मे महिन्यात. अंजना विचारायला नाही, सांगायला आली होती. कुणी माझं मत घेतलं नाही. द्यायला तयार होतं.
ती सासरी जायच्या आत पुस्तक तिच्या हातात पडणार. म्हणजे पडणारच.

१९ मार्च
पूर्ण! उतरण न बघताच लिहिली. देवानं कल्पनाशक्ती कशाला दिलीय? नारायणगावला गेणभाऊंच्या प्रेसमध्ये देऊन आले. "बाई, लगीनसराई हाय. पत्रिकांचा ढीग पडलाय. बघतो मधी कुठं घुसवता आलं तर." मी ठणकावलं, इतिहास थांबत नसतो.

८ मे
इतिहास थांबला आहे. अक्षदाची पत्रिका मात्र छापून आली. त्याच प्रेसमधून.

१६ मे, दुपार
गेणभाऊ स्वतः गठ्ठा घेऊन आले. सुबक छपाई. उघडलं. मुखपृष्ठावर डोलीतली नवरी. शेवटच्या पानावर, वेणा समुद्रासमोर एकटी उभी आहे त्याच्या खाली: "आमच्या वेणाताईच्या लग्नाला यायचं हं! चि. पप्पू, चि. सार्थक."

गेणभाऊ म्हणाले, "खाली जागा कोरी ऱ्हायली व्हती. बरं दिसत नाय, राव. समद्यांच्या पत्रिकंत टाकतो तसंच टाकलं."
मुखपृष्ठावरच्या नवरीचं काय, तर म्हणे पत्रिकांचा छपाईचा ठसा तयार होता.
मी खचलेली नाही. लाल पेन घेतलं. प्रत्येक प्रतीतली ती ओळ खोडणार. वेणाचं लग्न होणार नाही.

संध्याकाळ
अक्षदा आली, हातभर मेंदी. पानं मी उलटली, तिनं उभ्यानंच सगळं वाचलं. नऊ वर्षांची असताना वाचायची तशी, ओठ हलवत. मग म्हणाली, "बाई, वेणाला स्थळ कुठलं? कल्यानचं असंल तर लई बरं व्हईल. मला तितं कुनीच वळखीचं न्हाई."
मी म्हटलं, तिला काही स्थळबिळ नाही. आवाज पुरेसा कडक निघाला नाही.

वाटप असं:
शाळेला खोडलेल्या प्रती, नाणेघाटाच्या सहलीआधी.
मार्थाला एक, पोस्टानं. लोणच्याचा डाग पाडून.
अंजनाला एक. दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवणार असली तरी.
गेणभाऊंना एक, शेवटचं पान चिकटवून बंद केलेली.
अक्षदाला पहिली प्रत, माझ्या सहीची, नीट खोडलेली. तिनं न खोडलेली मागितली आहे. द्यावी.