जायफळाचा वेढा

प्रिय जयवंता,

आधी गोड बातमी. तुझा झील रविवारी इतका रडला, इतका रडला की इस्पितळ डोक्यावर घेतलं, आणि मी आनंदानं त्या परक्या नर्सबायचे गालच ओढले! माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी नीट वाच. पोर आता खडखडीत आहे.

झालं काय, शनिवारी गोवा राज्य झालं म्हणून आपल्या कोरगावात तिठ्यावर फटाक्यांची माळ लावली. गोकुळदासची म्हैस दावं तोडून धावली, सगळी तिच्या मागे. आणि पोर पाळण्यात दचकलंच नाही. तुझ्या रत्नानं छातीशी धरलं तर ओठ हलेनात. तळपायाला चिमटा काढला, नुसतं कण्हलं. गोकुळदासनं टेंपो काढला. म्हापशाला पोचेपर्यंत रत्ना त्याच्या नाकाशी बोट धरून होती.

डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय दिलंत? तुझी आई भिऊन म्हणाली, दुधाशिवाय कायसुद्धा नाय. रत्ना रडत होती, तरी म्हणाली, "आई, खोटं नका सांगू. गुटीत जायफळ होतं. मीच उगाळलं." डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, नाहीतर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो. मग पोराला नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं.

घरी येऊन मी रत्नाची सहाण बघितली. तू डिचोलीच्या बाजारातून हौसेनं आणलेली. बोट फिरवलं तर खरखरीत, टाकीचे घाव तसेच. माझी सहाण सासूबाईंच्या वेळची, झिजून आरशासारखी. तिच्यावर हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड फिरवलं आणि शेवटी जायफळाचा एकच वेढा दिला, तर नुसता वास लागतो. नव्या सहाणेवर तोच वेढा दिला तर उटण्यासारखा दाट गोळा येतो. मी स्वतः करून बघितलं. रत्नानं मी सांगितल्यापेक्षा एक रेघ जास्त ओढली नव्हती. वेढे सांगताना सहाण बघायला हवी, हे तिला कोण सांगणार?

हे मी तुझ्या आईला सांगितलं. सुलोचना मनानं वाईट नाही, पण भ्याली की कोणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय तिला श्वास येत नाही. तिनं आधीच शेजारच्या संदीपकडून तुला पत्र लिहवून टपालात टाकलं होतं. बायकोनं स्वतःला झोप मिळावी म्हणून पोराला जायफळ चारलं, असं त्यात आहे. रत्नाला ते कळलं. काल तिचा भाऊ गुरुदास आला, ती पोराला घेऊन माहेरी पाळीला गेली. जाताना माझ्या पाया पडली, तुझ्या आईच्याही पडली. म्हणाली, ते स्वतः बोलावतील तेव्हाच येईन.

ते पत्र बहारीनला माझ्या आधी पोचेल. वाचून तुला राग येईल, तुझा राग मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद. रागात पाळीला एक अक्षर लिहू नकोस. राग उतरला की पहिलं पत्र तिलाच घाल, मला नको, आईला नको. आणि त्यात पोराचं मागाहून विचार. आधी तिचं विचार, जेवतेस का म्हणून.

वाट बघणारी तुझीच,
आजी