रिकामी जागा

६ जानेवारी, सोमवार
डाव्या डोळ्यावर मोतीबिंदूची साय आलीय. ती काढायला २३ तारखेला लातूरला गाडी जाणार. त्याआधी आरोग्य केंद्रात आधार कार्डाची नोंद पाहिजे. नोंद दामिनी सिस्टर करती. नऊला गेले, नंबर आला पावणेबाराला. म्हणाली, आजी, नेट न्हाई, परत या.
तासाला पाच माणसं काढती ही. मी लग्नघरी तासाला चाळीस भाकरी थापल्यात, कोणाला परत या म्हणले न्हाई.
शेजारची उमाबाईबी डोळ्यासाठीच आलेली, म्हणाली, एकटी पडती बिचारी, दुसऱ्या सिस्टरची जागा दोन वर्षं रिकामी हाय. मी पाह्यलं. खरंच रिकामी. टेबलाच्या पलीकडं, चांगली गादीची.
ठरवलं. मी शांत बाई हाय, पण लक्ष घालावं लागणार.

८ जानेवारी, सकाळी ९
रिकाम्या जागेवर बसले. दामिनी म्हणाली, आजी, तिथं नका बसू. मी म्हणले, जागा रिकामी ठेवूनच ही दशा झाली. तिनं पुढचा नंबर पुकारला. पटलं असणार.

दुपारी १
लाईन मी लावली. गुडघेवाले इकडं, खोकलेवाले तिकडं. गुडघा अन् खोकला दोन्ही असलेल्यांचं भांडण झालं. ते मिटवायला दामिनीचा अर्धा तास गेला. आज तासाला चार. मी नवीन हाय म्हणून.

१० जानेवारी, शुक्रवार
आज तिचं काम नीट बघितलं. एकच खोकला चार रजिस्टरात लिहिती, मग तोच मोबाईलात. मी म्हणले, माणूस खोकला एकदा, तू पाचदा का लिहिती? म्हणाली, वरून मागतात. वरचा कोण ते सांगितलं न्हाई.
माझा नंबर आला. कार्ड घेतलं, अन् बसली फोन लावून. हाव दादा, पाठवा दादा. मग हसली. मग आकडे. सहा, एक, आठ, परत सहा. मला कळलं. मटका. भर ड्यूटीवर.
तिथंच झापलं. माझं बोलून होईपर्यंत म्हणाली, गेला टाइम, आता सोमवारी या.

१३ जानेवारी
परत तोच दादा. परत हसू, परत आकडे. परत झापलं. परत टाइम गेला. कसला टाइम, ते आकडे लावणाऱ्यालाच माहीत.

१५ जानेवारी
काल संक्रांत झाली. दामिनीला तिळगूळ दिला, मगच झापलं. दादाचा फोन चालूच होता. तासाला तीन. लोक माझ्याकडं बघून राह्यले. आशेनं.

१६ जानेवारी
तिसरी शिकलेय, अर्ज लिहिता येतो. “सिस्टर कामाच्या वेळी परपुरुषाशी हसून बोलती व मटक्याचे आकडे घेती. तीनदा. माझ्यासमोर.” तारखा या वहीतूनच घातल्या. तालुक्याला जाणाऱ्या जीपवाल्याकडं दिला.
उमाबाई म्हणाली, नागुबाई, तुझा डोळा होऊ दे आधी. मी म्हणले, डोळा माझा एकटीचा हाय, दवाखाना गावाचा.

२० जानेवारी, सोमवार
लातूरच्या गाडीच्या याद्या पाठवायची मुदत आज दुपारी दोनपर्यंत. तालुक्याहून साहेब दहाला आले. चौकशी सुरू, काम बंद. मी गादीच्या खुर्चीवर होते, साहेबांनी उठवलं.
दामिनीला विचारलं, दादा कोण? तिनं मोबाईल पुढं केला. तारखा माझ्या वहीशी जुळल्या. मी म्हणलेच होते. साहेबांनी तोच नंबर लावला, आवाज मोठा केला.
फोनातून आमचा रविकिरण बोलला. पुण्याहून. म्हणाला, बोला सिस्टर, परत आईचा ओटीपी पाहिजे का?
माझं कार्ड त्याच्या नंबरला जोडलंय म्हणे. सहा आकडे त्याच्याकडं येतात, दहा मिनिटांत घातले न्हाईत तर मरतात. साहेबांनी विचारलं, मग हसणं कशाचं? रविकिरण म्हणाला, मी दरवेळी विचारायचो, आई लई त्रास देती का, त्यावर हसायच्या.
हे त्यानं मला आधी सांगायला पाहिजे होतं. चूक त्याची.
साहेबांनी चौकशीचा कागद लिहीपर्यंत दोन वाजून गेले. सात नावं राहिली. उमाबाईचं अन् माझं धरून. दामिनीनं चारी रजिस्टरं मिटून ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी
गाडी गेली. उमाबाई ओट्यावर बसली होती. माझ्याकडं बघितलं न्हाई, पण तिला तसंही दिसत न्हाई. पुढची गाडी कधी, कोणाला ठाऊक न्हाई.

२४ जानेवारी, सकाळी ११
दामिनी रजेवर, नांदेडला माहेरी. बदलीचाही अर्ज दिलाय म्हणे. आता दोन जागा रिकाम्या. दोन्हीवर बसून पाह्यलं. तिच्या खुर्चीला गादी न्हाई. एका पायाखाली पुठ्ठा घातलाय.
लाईनीत बत्तीस माणसं. विचारून राह्यली, आजी, नंबर कधी येणार?
म्हणले, नेट न्हाई. परत या.