कुलपातली कुंभारीण

गोपिका वसंत देवपुजारी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. (नवऱ्याने बायकोस पत्रात आशीर्वाद लिहावेत अशी रीत आहे, परंतु तू हल्ली जेथे आहेस तेथून ते माझ्याकडे यावयास हवेत. कार्यालयात असा पेच पडता तर मी वरिष्ठांकडे टिपण पाठवले असते.) प्रकृतीची विचारपूस करणे औचित्यास सोडून होईल, म्हणून करीत नाही. माझी ठीक आहे. रक्तदाबाची गोळी कोठे ठेवली हे आता कोणी सांगत नाही, त्यामुळे ती नेहमी जागेवरच असते.

पत्रास कारण इतवारीतील खोली. मनोहरराव भांडेवाल्यांच्या दुकानावरची ही खोली शाळेतील चित्रकलेची नोकरी सोडल्यावर तू घेतलीस आणि अकरा वर्षे तेथे कुंभारणींबरोबर काम केलेस. विचारणाऱ्यांना मी ‘बायको चित्रे काढते’ एवढेच सांगत असे, कारण खरे सांगणे अवघड होते : ती बशांमध्ये रंगीत माती भिजवून ठेवते, खिडकी उघडी टाकते, आणि कुंभारीण म्हणतात त्या बारीक कमरेच्या माशा येऊन ती माती उचलून लाकडी चौकटींवर आपली घरे बांधतात. एक थर गेरूचा, एक पिवळ्या मातीचा, एक मी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून जेवणाच्या डब्यात आणलेल्या राखेचा. (तुझ्या कलेतील माझा वाटा तेवढाच. डबा मात्र तू मला तोच देत राहिलीस.) पहिल्या प्रदर्शनातील पाटीवर ‘कुंभारीण आणि गोपिका’ असे होते. माशीचे नाव आधी कोणत्या नियमाने, असे मी विचारले, तेव्हा ‘तिचं काम जास्त असतं, अहो’ असे म्हणून तू विषय संपवलास. मी त्या वेळी सहमत नव्हतो.

आता कबुली. तेराव्यानंतर मी किल्ली घेऊन खोलीवर गेलो. टेबलावर सतरा बशा, सगळ्यांत चिखल. चार महिने दवाखान्याच्या धावपळीत त्या तशाच राहिल्या असाव्यात अशी माझी समजूत झाली. मी त्या सर्व नळाखाली धुतल्या, पुसल्या, आकारमानाप्रमाणे रचल्या आणि धुण्याचे पाणी गच्चीत कूलरच्या मागे ओतले. दुसऱ्या दिवशी तुझ्या प्रदर्शनाची व्यवस्था पाहणारी प्रीती आली. तिने रचलेल्या बशा पाहिल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसली. शेवटच्या चौकटीची माती तू दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी स्वतः कालवली होतीस, आणि ती सुकू नये म्हणून प्रीती रोज येऊन पाणी शिंपडत होती, हे मला कोणी सांगितले नव्हते. मला न सांगितलेल्या गोष्टींची यादी बरीच मोठी आहे असे दिसते.

चूक दुरुस्त करणे प्राप्त होते. तुझ्या वहीवरून मी प्रमाणे काढली, तराजू आणला, सतरा बशांना क्रमांक दिले आणि एप्रिलभर खुर्चीवर बसून राहिलो. एकही माशी बशीवर बसली नाही. पुढे कळले की सगळ्या कूलरच्या मागे जात होत्या. तेथे ठिबकणाऱ्या पाण्याने तुझे सतरा रंग एकत्र भिजून त्यांचा एक मळकट, जांभळट गाळ झाला होता. तो गोळ्यागोळ्याने उचलून एकीने घर बांधले. चौकटीवर नव्हे, खोलीच्या दाराला बसवलेल्या जुन्या पितळी कुलपाच्या भोकात आणि वरच्या पट्टीवर.

खोली पंधरा मेला सोडावयाची होती. मनोहररावांच्या सुनेला सातवा महिना लागलेला. बाळंतपणासाठी वरची खोली त्यांना हवी होती, आणि ते योग्यच होते. कुलूप लागत नाही हे पाहून ते खिळा घेऊन आले. ‘काका, माशीपायी दार उघडं ठेवून राहिले काय तुम्ही? काहून? दोन मिनिटांत मोकळं करून देतो.’ मी दारासमोर उभा राहिलो. (काय बोललो ते आठवत नाही. नियम सांगितला असावा.) इतक्यात त्यांच्या आई, अंजनाबाई, जिना चढून वर आल्या. ‘ठेव तो खिळा खाली, मुडद्या! घरात सून पोटुशी हाय अन् तू कुंभारणीचं घर मोडतं? तिचे लेकरं निंगून जाऊ दे आधी!’ मनोहररावांनी खिळा खिशात घातला. निघताना मला म्हणाले, ‘काका, तुमचं नशीब जोरदार हाय. माही माय तुमच्या पार्टीत गेली.’

अशा रीतीने मला मुदतवाढ मिळाली. रोज दहा ते पाच मी तेथे बसे. काम काही नव्हते. कुलपाकडे पाहत असे, आणि तू अकरा वर्षे या खुर्चीवर बसून काय पाहत होतीस ते कळते का, ते पाहत असे. थोडे कळले. बसणे हेच बरेचसे काम होते. हे मी तू असताना विचारावयास हवे होते.

माशा उडून गेल्या. प्रीतीने सुतार बोलावून कुलूप घरासकट काढून नेले. तीच तुझी शेवटची कृती. दाराच्या कडीला आता साधे कुलूप आहे.

तुझा,
वसंत

ता. क. १ : माशा चार जूनला निघाल्या. घराला तीन भोके पडलेली मी स्वतः पाहिली. मनोहररावांना ‘अजून नाही’ असे मी वीस जूनपर्यंत सांगत राहिलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एकही तारीख चुकीची लिहिली नव्हती.

ता. क. २ : लग्नानंतर आठव्या वर्षी आपल्या न्हाणीघरातील बटणावरचे कुंभारणीचे घर मी पेचकसाने पाडले आणि ‘आत काही नव्हते’ असे तुला सांगितले. होते.

ता. क. ३ : पाटीवर तिसरे नाव माझे घालावे का, असे प्रीती विचारते. बशा धुऊन माती शेवटी मीच मिसळली, असे तिचे म्हणणे. मी नकार दिला आहे. तुझी हरकत नसल्यास तो मागे घेण्याची इच्छा आहे. क्रम तोच राहील, सर्वांत शेवटी.

ता. क. ४ : दि. २१ जून, दुपारी सव्वाचार. दार ओढून घेतले, कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या अंजनाबाईंच्या हाती दिल्या.