काळा फोटो

४ मार्च, मंगळवार
फोटो काळा आला. ह्यांच्या छातीचा. दवाखान्यातल्या बाईने पाकीट हातात दिलं, म्हणाली, डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी दाखवा. सोमवारपर्यंत कोण थांबतंय! घरी येऊन खिडकीशी धरून पाहिला. फासळ्या पांढऱ्याशुभ्र, छान. माणूस होताच तसा हाडापेराने मजबूत – मला बघायला आले तेव्हा आमच्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, आणि चौकटच हलली. पण जाऊ दे ते. फासळ्यांच्या आत दोन्हीकडे काळंकुट्ट. कढईच्या बुडासारखं.
जन्मभर भट्टीवर काम केलं. सगळा धूर आत बसलाय.

५ मार्च
ह्यांना सांगितलं नाही. खोकले, जेवले, मीठ कमी म्हणाले. मी मोरीत नळ सोडून रडले.

७ मार्च
ह्यांचा स्वेटर विणायला घेतलाय. पाठ अर्धी झालीय. पुढे विणू कशाला? कुणाला घालू? टाके सारखे सुटतात. देवा, मला आधी का नाही नेत? हे बघतात आणि म्हणतात, तोंड का पाडलंयस. काय सांगू!

९ मार्च, रविवार
नात आली, सुट्टीला. एक्सरे काढायचंच शिकते – गुणाची पोर! ह्यांना कोपऱ्यावर केस कापायला धाडलं, फोटो तिच्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावला. तर ही हसतेय.
"आजी, काळं म्हणजे हवा. निरोगी छाती काळीच दिसते."
मग समजावत बसली. यंत्रातून प्रकाशाचे बारीक कण सुटतात, डोळ्यांना न दिसणारे. हवेतून सरळ पार जातात, मागच्या फिल्मवर पोचतात, तिथं काळं होतं. हाड दाट, त्यात चुना. तिथं बरेच कण जिरतात, मागे पोचतच नाहीत, म्हणून तेवढं पांढरं राहतं. आणि काही धड पार जात नाहीत, धड जिरत नाहीत – धडकतात आणि तिरपे भलतीकडेच जातात, फोटो धुरकट करतात. म्हटलं, म्हणजे माझ्यासारखे, निघाले भाजीला आणि बसले शेजारणीकडे. ती म्हणाली, अगदी! त्यांच्यापासून वाचायलाच आम्ही शिशाचा एप्रन घालतो.
मग छातीत पांढरं दिसलं तर?
"तर काहीतरी वाट अडवून बसलंय."
असं कुणी समजावलं असतं तर चौथीतनं शाळा सोडली नसती. खोटं – बापानेच काढलं मला. असो. आज पाठ पुरी केली, एक बाहीसुद्धा धरली!

१० मार्च, सोमवार
डॉक्टरही तेच म्हणाले. ह्यांचा खोकला साधा. माझी फजिती नातीने ह्यांना सांगितली, तर हे रस्ताभर मला 'मोठ्या डॉक्टरीणबाई' म्हणत आले. म्हणू देत. जिवंत माणूस चिडवतो.
निघताना डॉक्टर म्हणाले, आजी, ह्यांच्यापेक्षा तुम्हीच जास्त खोकताय, तुमचाही फोटो काढून घ्या. म्हटलं, काढा की, ह्यांच्याहून काळा येईल बघा.

१२ मार्च
माझा फोटो आला. नातीने उजेडाशी धरला आणि लगेच खाली घेऊ लागली. मग बोट मीच ठेवलं. एका बाजूला, खाली, लिंबाएवढं पांढरं. तिला म्हटलं, रडू नकोस, नीट शिकवलंस गं मला.