रोलरवरची हाक

१२ फेब्रुवारी

आजही हाक आली नाही. आता विसरल्या असतील, असं म्हणायची सोय राहिली नाही.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुऊन-पिळून निघाल्या की रोलरवर. रोलर म्हणजे खोलीएवढी इस्त्री – तापलेले लोखंडी रूळ, एका बाजूने चादर घालायची, पलीकडून सपाट होऊन निघते. हात गेला तर हातही सपाट. म्हणून सुरू करण्याआधी मुकादमबाई एकेकीला हाक मारते. मावशी! – आहे. लांबडी! – आहे. चष्मा! – आहे. चष्मा म्हणजे मी. भिंगरी! – आहे. सगळ्यांचं ‘आहे’ आलं की मगच हिरवं बटण. आमच्या आधीच्या बायकांपासून चालत आलेली रीत.

आता मावशी, लांबडी, भिंगरी. आणि बटण. मी तिथेच उभी असते, चादरीचं टोक हातात धरून.

१५ फेब्रुवारी

कारण माहीत आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हात आत जाऊ न देणारी रोलरची जाळी कुठे गेली? मी सांगितलं – काढून ठेवलीय, काम भराभर उरकतं म्हणून. खोटं कशाला बोलू? रोलर बंद ठेवावा लागला, सगळ्यांचं जादा काम बुडालं. मुकादमबाईला वर बोलावून झापलं. तेव्हापासून मी वाळीत.

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मीही चार घातल्या असत्या, माझी जीभ काही गहाण पडलेली नाही. पण कोणी काही म्हणतच नाही! मी शेजारी बसले तर उठून जात नाहीत, सरकतही नाहीत. आज लांबडीने तिचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. बाकावर ठेवावा तसा. मुद्दाम केलं असतं तर डोळ्यांत दिसलं असतं, पण तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मीही तो तसाच राहू दिला, ती जेवून उठेपर्यंत.

२० फेब्रुवारी

भाजी चिरत होते. ताई म्हणाली, “मघापासून कोणाला ‘आहे, आहे’ करतेयस गं?” मला पत्ताच नव्हता.

“लग्नाला नाही म्हणालीस, आता भिंतीला हो म्हणतेयस का?” ताईला कशाचीही थट्टा सुचते. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन आरसा पुसला. होते मी त्यात.

२७ फेब्रुवारी

बाही गेली आज. जाळी परत काढलेलीच होती, अडकलेली चादर वाकून सोडवत होते. हाक झाली – माझी सोडून – आणि रूळ फिरले. बाही आत ओढली गेली, तिच्यामागून हात. मी ओरडले असेन. समोरून भिंगरीने लाल दोरी खेचली, मशीन थांबलं. बोटं शाबूत आहेत. मनगटाच्या वर भाजलंय.

मुकादमबाई धावत आली. माझ्याकडे नाही. “दोरी का ओढलीस गं, भिंगरे? काय झालं?” असं तिला विचारलं. मी दोघींच्या मध्ये हात धरून उभी होते.

४ मार्च

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. खूप वेळ ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. म्हणाल्या, हा कामावरच्या छळातून आलेला आजार आहे, तसं लिहून देते, तुम्ही दावा करा.

केला. निकाल लागेपर्यंत मी रजेवर. मंजूर झाला तर रजा पगारी, औषधपाणी लाँड्रीकडे, आणि परत कामावर घेणं भाग. नामंजूर झाला तर मी न सांगता गैरहजर – म्हणजे नोकरी गेलीच. ताई म्हणते, “जाऊ दे ना ती मेली लाँड्री, दुसरीकडे बघ.” तिला काय सांगू? मला दुसरीकडे जायचंच नाही. मला तिथेच हाक यायला हवी. ती आली नाही तर मी कुठेही गेले तरी तिथे पोचणार नाही, असं वाटतं.

११ मार्च

दावा गेल्याबरोबर वरच्यांना जाग आली. भिंतीवर मोठा फलक – ‘आम्ही एकमेकींचा आदर करतो.’ आणि एक शिकवणाऱ्या बाई. मलाही रजेवरून बोलावलं. सगळ्यांना गोल उभं केलं, हातात लाल चेंडू. जिच्याकडे फेकाल तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. मावशी लांबडीकडे, लांबडी भिंगरीकडे, भिंगरी मुकादमबाईकडे. हसणं-खिदळणं. किती वेळ! मी हात पुढे धरून ठेवले होते. भिंगरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मावशीकडे फेकला.

“सगळ्यांना मिळाला ना चेंडू?” बाईंनी विचारलं.

“हो.” सगळ्या एका सुरात. सर्वांत वाईट म्हणजे – मीही म्हणाले.

१८ मार्च

दाव्याची चौकशी करणारे साहेब. चांगला माणूस, पाणी दिलं.

कोणी शिवी दिली? – नाही. हात उगारला? – नाही. काम जास्त दिलं? – नाही. मग नेमकं काय केलं त्यांनी?

काहीच नाही केलं, साहेब. तेच तर सांगतेय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बाई, न केलेल्या गोष्टीचा पुरावा मी कुठून आणू?” चिडून नाही म्हणाले, खरंच विचारत होते. शेवटी म्हणाले, मी येऊन बघतो, तुम्हीही या.

२५ मार्च

आज ते आले. मुकादमबाई नुसती साखर पेरत होती. जाळी जागेवर. सगळ्या ओळीत. मावशी! – आहे. लांबडी! – आहे.

“चष्मा! आलीस ना गं बाई?”

किती दिवस वाट पाहिली या हाकेची. आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना! सगळ्या थांबल्या. तिने परत हाक मारली, आणखी गोड. मी तोंड उघडलं, मिटलं.

“बघा साहेब,” ती म्हणाली, “आम्ही बोलतो. हीच बोलत नाही.”

साहेबांनी मान हलवली. संपलं सगळं.

२ एप्रिल

भिंगरी घरी आली! चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातच उभी. म्हणाली, साहेबांकडे जाऊन आले. ठरवून हाक वगळायची, तिच्याकडे बघायचं नाही, दोरी ओढली म्हणून मला झापलं – सगळं सांगितलं, सही दिली.

“का गं?” मी विचारलं.

“तुझी बाही डोळ्यांपुढून जात नाही. चेंडू नाही टाकला ना मी, तेव्हा तर झोपच उडाली.” मग म्हणाली, “मला भीती वाटते, पण तू आहेस ना आता.”

मी तिला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला धरलं. तिच्या अंगाला साबणाचा वास, माझ्यासारखाच.

२१ एप्रिल

मंजूर. ताई रडली, मग म्हणाली, “मला माहीतच होतं,” – काही माहीत नव्हतं तिला. मुकादमबाईला लेखी ताकीद. मला पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय.

६ मे

हाक आली! “चष्मा!” आणि मी खणखणीत म्हणाले, “आहे!” मावशी हसली. लांबडीने चहाचा कप आणून हातात दिला, बाकावर माझ्यासाठी जागा केली. मुकादमबाई म्हणाली, झालं गेलं, तू आमचीच आहेस. मी वेडीसारखी दिवसभर हसत होते. किती हलकं वाटतंय. घरी आल्यावर ताईला तीनतीनदा सांगितलं.

हाक आज लवकर संपल्यासारखी वाटली. आनंदाच्या भरात असेल.

७ मे

आज नीट कान देऊन ऐकलं. मावशी, लांबडी, चष्मा. आणि बटण.

भिंगरी समोर उभी होती, चादरीचं दुसरं टोक धरून. “माझी हाक झाली का गं?” तिने मला विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या – किती दिवसांनी, सगळ्या, माझ्याकडे. मी चादर रोलरमध्ये सोडली.