खुर्चीतली माझी जागा

मी खाली सही करणारा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सोफे-खुर्च्या भरून देण्याचा, आपल्या दुकानात कापड बेतायच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. काथ्याच्या धुळीने छाती निकामी केली असली तरी डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. बायकोची थोडी आहे, पण ती लग्नापासूनची आहे आणि कायदा ती धरत नाही, असे वकील म्हणाले.

१. राहते घर सामानासह माझ्या पत्नीला. माझ्या धाकट्या भावाने दारूपायी तिच्या बांगड्या विकल्या, त्या दिवशीही तिने त्याचे ताट वाढून झाकून ठेवले होते. ते फेडण्याजोगे माझ्याकडे काही नाही, म्हणून घर.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. त्यातून एक रक्कम वेगळी काढावी, ती कशासाठी ते पाचव्या कलमात आहे. माझी मोठी कात्रीही मुलीलाच. तिने कागद कापून तिची धार घालवू नये.

३. दुकान पत्नीच्या नावे. धाकट्याला तिथे काम करण्याचा आणि माळ्यावर राहण्याचा हक्क हयातभर, विकण्याचा नाही. धाकट्या, राग मानू नकोस, तुझी तुला ओळख आहेच. वकिलांनी या कलमात ‘दारू सोडल्यास’ असे शब्द घातले होते. ते मी खोडून शेजारी सही केली आहे. भावाला झोपायला जागा द्यायची तर अट कसली घालायची?

४. मेहुण्याला काही नाही. दारू सुटेल, धाकट्याच्या चहात गुपचूप घाला, म्हणून त्याने कसल्याशा पुड्या आणून दिल्या. धाकटा आठवडाभर अंथरुणाला खिळला आणि उठला तो थेट गुत्त्यावर गेला. उरलेल्या पुड्या कपाटात आहेत. मेहुण्याने त्या खुशाल स्वतःच्या चहात घालून घ्याव्यात.

५. वेगळी काढलेली रक्कम समुपदेशक बाईंच्या फीसाठी आहे. या बाई कोण, हे मुलीसाठी लिहितो, कारण ती तेव्हा सासरी होती. धाकट्याची दारू सुटावी म्हणून मी बरेच उंबरे झिजवले. काचेच्या इमारतीतल्या मोठ्या डॉक्टरांनी ‘मनावर घ्या’ एवढे सांगून घड्याळ पाहिले. एका व्यसनमुक्ती केंद्राने त्याला कोंडून ठेवले आणि नजर वर न करणारा माणूस आमच्या हवाली केला. मला माणसांची पारख नाही, खुर्च्यांची आहे. डॉक्टरांकडे पेशंटच्या खुर्चीचे कारखान्यातले प्लॅस्टिकसुद्धा निघाले नव्हते. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर या बाईंकडे गेलो, तर समोरची खुर्ची पार बसलेली, हात ठेवायच्या जागी कापड विरलेले, काथ्या बाहेर डोकावणारा. इथे माणसे बसून राहतात, हे मी ओळखले. धाकट्याला म्हटले, इथेच ये.

तो दर गुरुवारी जाऊ लागला. बाईंनी मला पहिल्याच दिवशी बाहेर थांबायला सांगितले, त्याचा मला रागच आला होता. पण हळूहळू तो सकाळी दुकानात येऊन खुर्च्यांना चुका-खिळे ठोकू लागला, वहिनीकडे मागून जेवू लागला. आमच्या घराचे ते सगळ्यांत चांगले महिने. मी मात्र गुरुवारी संध्याकाळी न चुकता विचारायचो, आज आत काय बोललास? तो म्हणायचा, काही नाही, असंच.

बाई कुणाकडून भेट घेत नसत. त्या सुटीवर गेल्या तेव्हा मी लाँड्रीवाल्याकडून किल्ली घेतली, धाकट्याला गिऱ्हाइकाकडे मापे घ्यायला पाठवले आणि ती खुर्ची दुकानात आणली. आयुष्यात कुठली खुर्ची इतके मन लावून भरली नसेल. नवे पट्टे, नव्या स्प्रिंगा, निळे कापड. माझ्या भावाला जिथे बरे वाटले ती जागा फाटकी असू नये, एवढेच मनात होते. बाई आल्या, खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला विचारायला हवे होते, असे हळूच म्हणाल्या. धाकटा त्या गुरुवारी गेला, लवकर परत आला आणि पुन्हा गेला नाही. महिन्याभरात बाटली घरात आली.

कारण कळले ते तो हॉस्पिटलात पडला तेव्हा. मी उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, “दादा, त्या खुर्चीत पाठ टेकली की तुझा हात लागतो. मी तिथे तुझ्याबद्दल बोलायचो रे.”

बाई खुर्ची बदलायला तयार आहेत, असे मी सांगितले.

“खुर्ची बदलून दादा थोडाच बदलतो,” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

मला फार वाईट वाटले. आईवडिलांमागे मीच त्याला वाढवले, आणि पाठीवर ठेवलेला हात काढायचाही असतो हे मला कुणी शिकवले नाही.

तर ही रक्कम थेट बाईंकडे द्यावी. धाकटा गेलाच नाही, तर ती दुसऱ्या कुणाच्या भावासाठी वापरावी. तो गेला, तर आत काय बोलला हे घरातल्या कोणीही विचारू नये. पत्नीने तर मुळीच नाही.

६. शेजारच्या सुताराला मागच्या भिंतीशी लावलेले सागवानी पाय आणि फळ्या. धाकटा रस्त्यात पडलेला सापडला की तो त्याला हातगाडीवरून घरी आणायचा आणि वर पोत्यांचे पांघरूण घालायचा, लोकांना दिसू नये म्हणून. त्याने हे आजवर कुठे बोलून दाखवले नाही.

७. धाकट्या, हे तुझ्यासाठी. वडिलांची हातोडी आणि दाभण तुझी. बाईंच्या खुर्चीचे जुने कापड आणि काथ्या माळ्यावर पोत्यात आहे. आपण जुने कापड टाकत नाही, नवे त्यावरूनच बेततो, हे तुला सांगायला नको. मी बाईंना विचारले नव्हते, तू विचार. मग ती खुर्ची उकल. माझे भरलेले सगळे काढ आणि तुला हवे ते भर, वाकडे झाले तरी चालेल. त्यात बस आणि माझ्याबद्दल जे बोलायचे राहिले असेल ते बोल. वाईटसाईटही बोल. खुर्ची बदलून दादा बदलत नाही, हे तुझे खरे होते. पण आता दादाच निघाला आहे. त्या खुर्चीतली माझी जागा मी आजपासून सोडली आहे.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. सुतार साक्षीला हवा होता, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकील म्हणाले.

सही : मृत्युपत्र करणारा
साक्षीदार : १. लाँड्रीवाला, ज्याने किल्ली दिली
२. औषधांच्या दुकानाचे मालक

दिनांक : ९ मार्च, सकाळी
ठिकाण : दुकान. धाकटा वर माळ्यावर झोपला आहे, म्हणून सगळे हळू आवाजात वाचले.