एकटीचं मंदिर

रविवार, ८ जानेवारी

चर्चचा बॉयलर अखेर मेला! पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला तळघरातून धाडकन आवाज आला, ऑर्गन वाजवणारीचे हात थांबले, आणि मंडळीतली लव्हॉन तेवढी भलत्याच सुरात पुढे गात राहिली. बाहेर उणे बावीस. आम्ही एकोणीस माणसं कोट-टोप्या घालून बसलेलो, आणि पाळकबाई काय करतात? हसतात! एकोणतीस वर्षांची पोर, ओरेगॉनहून आलेली, तीन गावांच्या तीन चर्चना एकटी पुरते. म्हणे, "काही बिघडत नाही. इमारत म्हणजे मंदिर नव्हे. मंदिर तुम्ही आहात."

मी मंदिर! डाव्या गुडघ्यात धातूची वाटी, कमरेला पट्टा. वा!

नंतर कॉफीवर सभा. नवा बॉयलर वसंतापर्यंत येत नाही. तोवर उपासना घरोघरी, आडनावांच्या क्रमाने. लव्हॉनने लगेच कागद पेन्सिल काढलं. तिला यादी करायला मिळाली की तिची पाच वर्षं कमी होतात. आम्ही हॉगेन, म्हणजे चौथे. ५ फेब्रुवारी.

मी म्हटलं, "बायबलात उपासनेच्या मंडपाची मापं देवाने मोशेला हात मोजून दिली होती. 'जमेल तिथे बसा' असं नव्हतं म्हटलं." सगळे हसले. मी विनोद करत नव्हते.

सोमवार, ९ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं. दोन वर्षं या घरात मी कुणाला पाऊल टाकू दिलेलं नाही.

माझा नवरा सेल्मर मला ओळखत नाही. त्याच्या लेखी मी दूध खात्याची तपासणीवाली बाई आहे. गाई विकून अकरा वर्षं झाली, तरी हा पहाटे रबरी बूट चढवून, बादली घेऊन दारात उभा. "या बाई. दुधाची टाकी बघून घ्या. सगळं स्वच्छ आहे." मग मी टाकी बघते – म्हणजे कपडे धुवायचं मशीन. आंघोळ घालायची तर "हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय शेरा मिळणार नाही" असं दटावावं लागतं. बावन्न वर्षं संसार केला आणि आता या माणसाला मी शेरे देते! जरा लाडाने बोलायला गेले तर अंग चोरतो. म्हणतो, "बाई, माझं लग्न झालंय."

हे लोकांना दिसलं की आठवड्याच्या आत ट्रिनाला फोन जाईल. ट्रिना माझी पोर, फार्गोला असते, बापावर जीव आहे, पण तिथल्या एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक तिने मागेच पाठवून दिलंय. आणि सेल्मर शुद्धीत असताना मला दोनदा म्हणाला होता, "मला या घरातून नेऊ देऊ नकोस." दोनदा. तो कधीच काही दोनदा सांगत नसे.

म्हणून मी गावाला सांगून ठेवलंय की तो रुसलाय. चर्चचा नवा गालिचा लाल घ्यायचा की हिरवा यावरून दोन वर्षांपूर्वी वाद झाला, हिरवा घेतला, आणि सेल्मर रुसून घरी बसला – असं. आमच्याकडे हे कुणालाही पटतं. त्याचा बाप भजनाच्या पुस्तकाच्या रंगावरून सहा वर्षं आला नव्हता.

रविवार, १५ जानेवारी

पहिली उपासना ब्राटलींकडे. कुत्र्याने प्रभुभोजनाची अर्धी भाकर खाल्ली – पवित्र व्हायच्या आधी, एवढंच नशीब. पाळकबाईंचं प्रवचन पडद्यावर. मंदिरातला तो जाड पडदा येशू मेला तेव्हा वरपासून खालपर्यंत फाटला, आता आत-बाहेर असं काही उरलं नाही वगैरे. ठीक आहे. पण माझ्या मागच्या खोलीचं दार बंदच राहणार.

आणि तो ओडेल नायगार्ड! आमचा शेजारी, पलीकडच्या शेतातला, सेल्मरचा शाळेपासूनचा दोस्त. तेव्हा मंडळीचा अध्यक्ष होता, म्हणून मी गालिच्याचं खापर त्याच्या माथी फोडलं. मी म्हटलं होतं "सेल्मर जरा नाराज आहे", बस. या माणसाने त्याचं काय केलं! म्हणे सेल्मरने त्याला गोठ्याच्या दारात 'बैल' म्हटलं! म्हणे 'पुन्हा पाऊल टाकलंस तर बघ' म्हणाला! सेल्मरने उभ्या जन्मात बैलालासुद्धा बैल म्हटलं नाही. मंडळीने शेवटी ओडेललाच दोष दिला – "साठ वर्षांची मैत्री रंगापायी घालवलीस" – आणि अध्यक्षपदावरून उतरवलं. आजही लव्हॉन त्याला टोचत होती, "जा की, माफी माग सेल्मरची!" तर तो लिंबाची वडी चघळत म्हणतो, "तो मला गोळी घालेल."

खोटारडा मेला. पण माझ्या पथ्यावर पडतं म्हणून गप्प बसले. मला तरी कुठे तोंड आहे बोलायला.

बुधवार, १८ जानेवारी

सेल्मरने आज माझी हातपिशवी 'तपासणी शुल्क' म्हणून परत दिली. त्यात त्याने चार अंडी ठेवली होती. फुटलेली.

रविवार, २२ जानेवारी

आज डोकंच फिरलं.

लहानपणी रविवारच्या शाळेत मिस टॉर्वाल्ड आमच्याकडून घोकून घेत – तू देवाचं मंदिर आहेस! म्हणून दात घास, सिगारेट ओढू नकोस, कुणाला आत डोकावू देऊ नकोस. पुढे तीस वर्षं मीही पोरांना तेच शिकवलं. "अरे, मंदिरावर चॉकलेट सांडलंस!"

आणि आज पाळकबाई म्हणतात, चूक. प्रेषित पौलाने मंदिराचं ते पत्र एकाला लिहिलंच नव्हतं. करिंथच्या अख्ख्या भांडकुदळ मंडळीला लिहिलं होतं. मूळ ग्रीकमध्ये अनेकवचन आहे. आमच्या इंग्रजीत एकाला आणि शंभर जणांना एकच शब्द, म्हणून आम्ही सगळे आपापल्या पुरते 'तू' ऐकत बसलो. पौल म्हणतो, तुम्ही सगळे मिळून एक मंदिर. एकेकट्याचं नव्हे.

ओडेल म्हणाला, "म्हणजे मी वीट आणि लव्हॉन घंटा!" लव्हॉन म्हणाली, "तू वीट नाहीस, तू पायरीवरचा बर्फ."

बाकीचे हसत सुटले. मला मात्र रडू आलं आणि त्याचाच राग आला. सत्तर वर्षं मी एकटीने ते मंदिर झाडून-पुसून, कड्या लावून ठेवलं. आता सांगता होय! दारात पाळकबाईंना म्हटलं, "हे जरा आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." त्यांना वाटलं मला प्रवचन आवडलं.

मंगळवार, ३१ जानेवारी

लव्हॉनचा फोन. "अगं, रविवारी तुझ्याकडे ना? खुर्च्या किती आणू? आणि सेल्मरला सांग, आम्ही काही गालिचा घेऊन येत नाही!"

म्हटलं, खुर्च्या नकोत. माझ्याकडे आहेत. खोटं! चार आहेत.

शनिवार, ४ फेब्रुवारी

मला फ्लू झाला, असं कळवलं. बऱ्यापैकी खोकलेसुद्धा.

रविवार, ५ फेब्रुवारी

लव्हॉन सूप घेऊन दारात हजर! दार चार बोटं उघडून घेतलं. मागून सेल्मर ओरडला, "कोण आहे? टाकी धुवायचीय अजून!" मी म्हटलं, टीव्ही चालू आहे. लव्हॉन म्हणाली, "बरं. मग पुढच्या रविवारी तुझ्याकडे. यादीत बदल केलाय." या बाईला फ्लूसुद्धा घाबरतो.

शनिवार, ११ फेब्रुवारी

लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या, चाळीस. मांस-बटाट्याचं हॉटडिश रचून ठेवलं, उद्या ओव्हनमध्ये घालायचं. सेल्मरला उद्या सकाळी साडेनऊला मागच्या खोलीत बसवायचं, आईस हॉकीची जुनी टेप लावायची, बाहेरून कडी. सांगायचं – तुमच्यापैकी कुणाचं तोंड बघायचं नाही म्हणाला.

बाहेरून कडी. पण दुसरं सुचत नाही. देवा, तुला काही सुचत असेल तर उद्या साडेनऊच्या आत सुचव.

रविवार, १२ फेब्रुवारी

कडी मीच लावायला विसरले. मीच! दोन वर्षांत एक दिवस चुकले नाही, आणि आज ब्राटलींचा कुत्रा बटाट्यांवर चढतोय म्हणून स्वयंपाकघराकडे धावले आणि विसरले.

सोळा माणसं बैठकीत, मांडीला मांडी लावून. पाळकबाईंनी कॉफीच्या टेबलावर भाकर आणि प्याला ठेवलेला. "हे माझे शरीर आहे" म्हणतात तोच मागचं दार उघडलं. सेल्मर. रबरी बूट, पायजमा, हातात बादली. सगळ्यांकडे बघत राहिला. घाबरला तो – मला दिसलं – बादली छातीशी धरली. म्हणाला, "एवढे जण? आज मोठी तपासणी आहे का?"

लव्हॉनचं तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं, संपलं. आता उठतील, हळू आवाजात बोलतील, ट्रिनाचा नंबर मागतील.

ओडेल उठला. सरळ उभा राहिला, टोपी काढली. "हो, मिस्टर हॉगेन. मोठी तपासणी. टाकीचं तापमान किती?"

"अडतीस फॅरनहाइट," सेल्मर म्हणाला. ताठ झाला एकदम.

"दाखवा."

गेले दोघं धुलाईच्या खोलीत. मग पाळकबाई उठल्या. मग ब्राटली. मग सगळी मंडळी ओळीने त्या चिंचोळ्या जागेत! एकेक जण मशीनमध्ये वाकून बघतोय. लव्हॉनने तर आत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "एक डाग नाही. माझ्या घरी धुवायला या म्हणावं." सेल्मर असा हसला की तसं हसताना मी त्याला कधीपासून पाहिलं नव्हतं. पाळकबाईंनी तिथेच, साबणाच्या डब्याशेजारी, त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. त्याने विचारलं, "हा शेरा का?" त्या म्हणाल्या, "हो. उत्तम."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. रागानेच रडले म्हणा. बाहेर आले तर लव्हॉनने कागद काढलेला. सोमवारी ती, मंगळवारी पाळकबाई, बुधवारी ब्राटली, गुरुवारी ओडेल – दोन-दोन तास सेल्मरपाशी. "आणि तू त्या वेळात बाहेर पड, जरा केस कापून घे. कशी दिसतेस!" ट्रिनाचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले. लव्हॉन म्हणाली, "ते नंतर बघू, हॉटडिश जळतंय."

जळलंच होतं.

सोमवार, १३ फेब्रुवारी

ट्रिनाला मीच फोन केला. सगळं सांगितलं, यादीसकट. मग म्हणाली, "शनिवारचं नाव कुणाचं आहे?" म्हटलं, कुणाचं नाही. म्हणाली, "माझं घाल."

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. सगळे चपापले. ओडेल नाही चपापला. आणि टाकीचं त्याला कसं कळलं? मी तर फक्त इथे लिहिलंय.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

ओडेल आला. सेल्मर झोपल्यावर त्याला धरलंच. म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो माझ्या गोठ्यात आला होता. पायात नुसते मोजे. म्हणाला, तपासणीवाली बाई घरी येऊन राहिलीय, जातच नाही. मी त्याला तुमच्या दारापर्यंत सोडून गेलो."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू सांगत नव्हतीस. मला वाटलं, तुला नको असेल."

"मग ते बैल म्हटलं, गोळी घालेल – ते कशाला?"

कॉफी ढवळत राहिला. "अगं अर्डिस, नुसता रुसलाय म्हटलं असतं तर सगळे समजूत घालायला तुझ्या दारात आले असते. आणि एकट्याचं भांडण कोण खरं मानणार? दुसरं कुणीतरी भांडायला नको का?"